ओहोटीची वाट

शांताराम गेल्याची बातमी मला दोन दिवस उशिरा कळली, आणि ज्याच्याकडून कळायला नको होती त्याच्याकडून कळली. पेणला मी राहतो त्या आळीत गणपतीचा एक कारखाना आहे. त्याच्यासमोर स्कूटर उभी करून जमिनीची कामे करणारा एक दलाल माझ्या ओट्यावर आला, न सांगता बसला आणि म्हणाला की रोह्याचे मोजणीवाले शांतारामभाऊ परवा गेले, झोपेतच गेले, फार सज्जन माणूस. मग त्याने रुमालाने मान पुसली. नंतर त्याने खरा विषय काढला. खाडीकाठच्या जमिनीची फेरमोजणी व्हावी असा कंपनीने अर्ज केला होता आणि त्याची सुनावणी लागली होती. जुन्या मोजणीचे पंच दोन. त्यांतले सरपंच वारले, उरलो मी. "गुरुजी, तुम्हाला जास्त काय बोलायचं नाय. त्या दिवशी तिथं वाट होती का पाणी होतं, एवढंच सायबांपुढं सांगायचं. जे पाहिलंत ते." उठताना त्याने विचारले, शांतारामभाऊंनी तुमच्याकडे काही कागद ठेवलेत का... मी त्याला चहा विचारला नाही.

तो माझ्याकडून खोटे बोलवून घ्यायला आला असता तर प्रश्न सोपा होता. पण तो खरेच सांगा म्हणत होता. मोजणीच्या दिवशी मी त्या जागी पाणी पाहिले होते. वाट पाहिली नव्हती. आणि त्या पाण्यात शांतारामने नकाशावर वाट काढली, यावरूनच मी सहा वर्षे त्याचे तोंड पाहिले नव्हते.

पेणच्या पश्चिमेस खारेपाटातल्या एका गावी मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत होतो. शांताराम तिथे मोजणीच्या कामावर प्रथम आला तेव्हा आम्ही दोघेही तिशीच्या आत होतो. गावात उतरायला जागा नव्हती म्हणून तो शाळेच्या खोलीत माझ्याबरोबर राहिला. त्याची कामाची रीत मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटली. बरोबरची माणसे साखळी घेऊन तयार बसलेली असत आणि हा दिवसभर रिकाम्या हाताने फिरे. मिठागराकडे बाया निघाल्या की त्यांच्या मागे, गुरे निघाली की गुरांच्या मागे. गावात कुजबुज झाली. एका म्हातारीने तर त्याला भर पाणवठ्यावर विचारले, "का रे बाबा, जमीन मोजाया आलास का आमच्या सुनांची पावलं?" त्यावर तो हसला नाही. सुना कुठून येतात आणि कुठे जातात, एवढे सांग म्हणाला. दुसऱ्या दिवशी साखळी पडली, आणि ती नेमकी त्याच वाटांनी पडली.

आमच्या भागात जमीन आयती मिळत नाही. ती करावी लागते. खाडीच्या अंगाला मातीचा उंच बांध घालून पाणी बाहेर अडवायचे, आणि पावसाच्या गोड्या पाण्याने आतली माती वर्षानुवर्षे धुऊन काढायची, तेव्हा कुठे तिथे भात उभे राहते. हा बांध सगळ्या गावाचा. पण प्रत्येक घराला त्यातला एक तुकडा नेमून दिलेला असे आणि त्याची माती त्या घराने राखायची. कुठून कुठवर कोणाचा तुकडा, हे कोणत्याही कागदावर नव्हते. शांतारामने एका शेतकऱ्याला विचारले, हा बांध कोणाच्या नावावर आहे. तो म्हणाला, "नावाचं काय घेऊन बसलाव? उधानाला जो धावतंय, त्याचा हाय बांद." हे वाक्य शांतारामने टिपणवहीत लिहून घेतले. सरकारी वहीत असले काही लिहीत नाहीत, असे मी त्याला बजावले. त्याने ते खोडले नाही.

पुढे एका पावसाळ्यात बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड. ते इतके मोठे होते की गावाने हात टेकले आणि नवा बांध आत सरकवून घातला. बाहेर राहिलेली शेते खाडीत गेली. सातबारावर मात्र ती तशीच राहिली, त्याच नंबरांनी, त्याच नावांनी. भरतीला जिथे दोन पुरुष पाणी चढे त्या जागेचे मालक गावात चांगले धोतर नेसून हिंडत होते. आम्ही त्यावर थट्टा करीत असू. नव्वद साल उलटल्यावर थट्टा संपली. एका कंपनीला धक्का आणि गोदाम बांधायचे होते. तिने ती बुडीत शेते आणि त्यांना लागून असलेला बांध असे दोन्ही विकत घेतले. विकणाऱ्यांना वाटले आपण पाणी विकले. हा शहाणपणा कोणाचा ठरला ते सांगण्याची गरज नाही.

त्या जागेची मोजणी करायला शांताराम आला. निवृत्तीला त्याचे एकच वर्ष उरले होते. मी आणि सरपंच पंच होतो. दिवस अमावास्येचा, वेळ भर दुपारची. आम्ही बांधावर उभे होतो आणि समोर क्षितिजापर्यंत पाणी चमकत होते. शांतारामने मोजणीची फळी मांडली, रेघा काढल्या, कंपनीच्या माणसाने सरबत दिले, आम्ही सह्या केल्या. नकाशाची प्रत दोन महिन्यांनी माझ्या हाती पडली. बुडीत शेतांच्या मधोमध एक तुटक रेघ होती. गावाच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथून निघून ती थेट खाडीच्या पात्रापर्यंत गेली होती. शेजारी त्याचे ते रेखीव अक्षर: पाऊलवाट. मी तीस वर्षे मुलांना नकाशा वाचायला शिकवले आहे. पाण्यावर पाऊलवाट मी कोणत्याही नकाशात पाहिली नव्हती.

अर्थ मला लवकरच लागला, निदान तसे मला वाटले. वाडीची माणसे खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या मासे धरून पोट भरतात. उन्हाळ्यात ती बांधावरून जाताना मी पाहिली होती. कंपनीने आता बांधाला कुंपण घातले आणि वाडीवाले कुरकुरले तेव्हा नकाशा दाखवला: तुमची वाट ही इथे आहे, सरकारनेच दाखवली आहे, बांधाशी तुमचा काय संबंध. म्हणजे शांतारामने वाडीला पाण्यात ढकलून कंपनीला बांध मोकळा करून दिला होता, आणि त्या कागदावर माझी सही होती. पेणच्या एसटी स्टँडवर तो भेटला तेव्हा मी नमस्कारही न करता विचारले, पाण्यावर रेघ कशी काढलीस.

"अष्टमीला या, गुरुजी. दुपारचे या. दाखवतो."

"काय दाखवणार ते आत्ताच सांग."

"ते सांगून दिसत नाय."

मी गेलो नाही. तिथे कंपनीची माणसे असणार, आणखी एखाद्या कागदावर माझी सही लागत असणार, अशी माझी खात्री झाली. त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही. निवृत्त होऊन तो रोह्याला राहू लागला, तरी त्याच्या हालचाली मला कळत. माझ्या जागी शाळेत आलेले मास्तर पेणला आले की सांगत, तुमचे मित्र पुन्हा वाडीकडे दिसले. कधी मंगळवारी, कधी गुरुवारी, मग पंधरवडाभर नाही. बाजाराचा दिवस नाही, सुटीचा नाही. ज्याच्या येण्याला ठरलेला वार नाही त्याचे काम सांगण्यासारखे नसते, असे मी त्यांना म्हणालो. तो कंपनीसाठी वाडीची घरे उठवायला येतो, हा माझा तर्क मी त्यांनाही सांगितला, आणि माझ्या शब्दाला गावात वजन होते. मी वार मोजत होतो. तिथी मोजण्याचे मला सुचले नाही, आणि अष्टमी हा शब्द तर त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितला होता.

बातमी कळल्यावर मी रोह्याला गेलो. गाडी नागोठण्याला अर्धा तास थांबून राहिली. परत फिरावे असे त्या वेळात मनात येऊन गेले. वहिनी दारातच होत्या. त्यांनी मला ओळखले आणि बाजूला झाल्या नाहीत. "जिवंत होते तेव्हा रोहा लांब पडत होतं तुम्हाला," एवढे म्हणाल्या. मग आत घेतले. दलाल आदल्याच दिवशी येऊन कागद मागून गेला होता. "तुम्ही पण कागदच बघायला आलात का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. ते पूर्ण खरे नव्हते. शांतारामने घरी काहीच ठेवले नव्हते. निवृत्तीच्या दिवशी शिसपेन्सिलीसुद्धा कार्यालयात जमा करून तो आला होता. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, दर अष्टमीला पेणला जायचे. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचे. पाय मोरीत स्वतःच धुवायचे, कुठे गेलो ते सांगायचे नाहीत.

"तुम्ही विचारलं नाही?"

"मला वेगळाच संशय होता. विचारून खरा निघाला असता तर कुठं गेले असते मी?"

मी म्हणालो, वहिनी, संशय मलाही होता. त्यांनी कसला ते विचारले नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मला स्वतःची लाज वाटली. अमावास्या-पौर्णिमेला आमच्या खाडीत दुपारी बाराच्या सुमारास भरती असते. अष्टमीला त्याच वेळी ओहोटी असते. हे मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला फळ्यावर काढून शिकवीत आलो होतो.

पुढच्या अष्टमीला मी वाडीवर गेलो. तीस वर्षांच्या नोकरीत माझे पाऊल तिथे पडले नव्हते. शाळेपासून ती दहा मिनिटांवर आहे. चिमीबाई नावाची वृद्ध स्त्री खोपटाबाहेर जाळे सांधत बसली होती. तिने मला ओळखले. तिचा नातू माझ्या शाळेत एक वर्ष आला होता आणि मग आला नव्हता, याची चौकशी मी तेव्हा केली नव्हती. नकाशातली वाट दाखव म्हणालो, तशी कंपनीचे कुंपण ओलांडून ती पुढे झाली. मी मागे. बांधाच्या पलीकडे पाणी नव्हते. काळाभोर चिखल होता, त्यात बुडालेल्या शेतांचे जुने बांध अजून बोटभर उंच उरले होते, आणि त्यांच्या कडेकडेने दगड ठेवलेले होते. एक पाऊल, एक दगड. शिंपल्यांचा चुरा टाकून मधला चिखल दाबलेला होता. ताज्या पावलांचे ठसे दोन्ही दिशांनी होते. ती तुटक रेघ माझ्या पायाखाली होती.

इथून कधीपासून जाता, मी विचारले.

"शेतं बुडाली तवापासनं. तुमच्या गावचा बांद वल्ला असला का आमचा पाय त्यांना चालत नाय. माती सुटतंय म्हणत. चार म्हयने आमी खालनंच."

"मला कधी दिसला नाहीत."

"तुमी कवा आलाव इकडं, गुरुजी? शाळंतनं बांद, बांदावनं शाळा."

तिने हे रागाने म्हटले नाही. गावाच्या बांधाला वाडीचा तुकडा नेमलेला नव्हता, म्हणून त्यावर वाडीचा हक्कही नव्हता. हा रिवाज मला पाठ होता. त्याची दुसरी बाजू, ती माणसे मग चालत कुठून असतील, हा प्रश्न मला पडला नव्हता. मला बांधावर कोणी अडवीत नसे. मी जिथे चालत होतो तेवढेच गाव, असे मी धरून चाललो होतो, आणि तसाच नकाशा मुलांकडून फळ्यावर काढून घेत होतो.

पण संशय हा माझ्या स्वभावात आहे आणि तो तिथेही सुटला नाही. मी विचारले, हे दगड कोणी टाकले. चिमीबाई म्हणाली, काही तिच्या सासऱ्याने, काही शांतारामदादांनी. दादा अष्टमीला यायचे, खचलेले दगड बघायचे, पोरांना हाताशी घेऊन नवे लावायचे. चालत राहा म्हणायचे, वाट मोडू देऊ नका. मी विचारले, मोजणीच्या आधीचे दगड कोणते आणि नंतरचे कोणते.

"चिखलात गेल्यावर दगडाला वळखायचं कसं?" ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी कंपनीकडनं आलाव काय?"

दलालाला हवा होता तोच प्रश्न मी विचारला होता... शांतारामने होती ती वाट नकाशात काढली, की आधी नकाशात काढून मग सहा वर्षे ती चिखलात घडवली, हे मला आजही ठाऊक नाही. पहिले असेल असे वाटते. तो दोन्ही करू शकणारा माणूस होता.

सुनावणीला मी गेलो. कार्यालयात दलाल पुढच्या बाकावर होता, कंपनीचे वकील होते, मागे गावातली बरीच माणसे होती, भिंतीशी वाडीची पाच-सहा माणसे उभी होती. नकाशातल्या त्या वाटेमुळेच कंपनीला भराव टाकता येत नव्हता; ती रद्द झाली की भराव पडणार आणि त्यांची खाडी कायमची बंद होणार, हे त्यांना माहीत होते. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारले, मोजणीच्या दिवशी तिथे वाट होती काय.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"पण पंच म्हणून सही तुमची आहे."

"आहे. मी न पाहता केली. वर पाणी दिसले म्हणून खाली काही नाही असे धरले. भूगोल शिकवीत होतो, तरी धरले. माझी सही कोणत्याच बाजूने ग्राह्य मानू नये."

साठी ओलांडलेल्या माणसाला असे बोलणे सोपे नसते, विशेषतः खोलीतली निम्मी माणसे त्याच्या हाताखाली बाराखडी शिकलेली असताना. मागे कोणीतरी हसले. साहेबांनी ते लिहून घेतले आणि फेरमोजणीची तारीख सांगितली. मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. पौर्णिमा होती. ही तारीख कोणी सुचवली ते मला माहीत नाही. मला जे वाटते ते मी इथे लिहीत नाही. मी म्हणालो, त्या दिवशी दुपारी आपल्याला पाणीच दिसेल. अष्टमीला यावे. दलाल बाकावरून म्हणाला, "गुरुजी, मोजणी हाय. लगीन लावायचं नाय पंचांग बघून." सगळे हसले, साहेबही हसले. मग त्यांनी कॅलेंडर खाली काढून घेतले, बोटाने दोन ओळी चाळल्या आणि तारीख बदलली.

अष्टमीला आम्ही पुन्हा त्या बांधावर उभे राहिलो. साहेब बूट काढून खाली उतरले आणि दगडांवरून वीस-पंचवीस पावले चालत गेले. त्यांच्यामागे मोजणीदार, त्याच्यामागे वकील. दलाल वरच थांबला. तेवढ्यात खाडीच्या पात्राकडून वाडीच्या बाया परत येताना दिसल्या, डोक्यावर टोपल्या, एकीमागे एक, त्याच दगडांवरून. सर्वांत पुढे चिमीबाई. वाट एका पावलाची. दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही. समोरासमोर आल्यावर साहेबांनी तिला विचारले, बाई, ही वाट केव्हापासून आहे.

"सायेब, आधी बाजूला सरा. पानी भराय लागलंय."

साहेब दगडावरून उतरले, आणि नडगीपर्यंत चिखलात गेले. बाया एकेक करून त्यांच्यासमोरून निघून गेल्या. शेवटची जाईपर्यंत ते तिथेच होते. त्यांनी कागदावर काय लिहिले ते मला दाखवले नाही. निकाल अजून लागलेला नाही, आणि तो कसा लागेल याविषयी मी कोणालाही आशा दाखवीत नाही. निकाल लागण्यापूर्वी भरावाचे ट्रक रस्त्यावर येऊन उभे राहिलेले मी पूर्वी पाहिले आहेत.

हे सांगायला मी पुन्हा रोह्याला गेलो. शांतारामची खोली वहिनींनी आवरलेली नाही. खाटेशेजारी खिळ्याला या वर्षाचे कॅलेंडर आहे. वहिनींनी महिना बदलण्यासाठी पान उलटले तेव्हा मार्चमधल्या दोन चौकटींत पेन्सिलीची बारीक खूण दिसली. मी पुढची पाने उलटली. एप्रिल, मे, पावसाळ्याचे महिने, थेट डिसेंबरपर्यंत प्रत्येक अष्टमीला खूण होती. वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच त्याने ती सगळी करून ठेवली असावी. वहिनींना म्हणालो, हे कॅलेंडर मला द्या. त्या नाही म्हणाल्या. तारखा लिहून घ्या म्हणाल्या. मी लिहून घेतल्या.

यातल्या पहिल्या खुणेला मी जाऊन आलो. चपला हातात घ्याव्या लागतात आणि काठी उपयोगी पडत नाही, ती रुतते. मधल्या टप्प्यावरचे तीन दगड खचले होते. दोन चिमीबाईच्या मुलाने लावले. तिसरा मी बांधाजवळून आणला आणि टाकला. साक्षीदाराने असे करू नये, हे मला कळते. चिमीबाईने त्यावर उभी राहून तो पायाने दाबला, आणि पुढे निघाली. परतताना मी तो शोधू लागलो. सगळ्या दगडांना सारखाच चिखल लागला होता. त्यातला माझा कोणता, हे मला सांगता आले नाही.